वाचकांचे प्रश्न : पश्चात्ताप, प्रायश्चित्त आणि मागे फिरणे

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी पुढील पत्रे एकाच विषयाची असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : ‘पश्चाताप’ बरोबर की ‘पश्चात्ताप’? शिवाय अनुताप, पस्तावा, खंत, उपरती, प्रायश्चित्त हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले तर काय बिघडते?

उत्तर : बरोबर रूप ‘पश्चात्ताप’ हेच. ‘पश्चात्’ आणि ‘ताप’ एकत्र आले की पहिल्या शब्दाच्या अखेरचा त् आणि दुसऱ्याच्या आरंभीचा त असे दोन त होतात. बोलताना त्यांतला एक गिळला जातो आणि मग लिहितानाही सुटतो. ‘पस्तावा’ हे त्याच शब्दाचे प्राकृतातून झिजत आलेले रूप आहे, आणि ‘अनुताप’ म्हणजेही मागाहून होणारा तापच.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. ‘खंत’ वाटण्यासाठी स्वतःचा दोष असावाच लागतो असे नाही. एखाद्याची अखेरची भेट राहून गेली याची खंत असते, तिथे कोणाचाच अपराध नसतो. पश्चात्तापाला मात्र स्वतःची कृती लागते, आणि ती कृती टाळता आली असती ही जाणीवही लागते. ती कृती पापच असली पाहिजे असा व्यवहारातल्या मराठीचा आग्रह नाही. घर स्वस्तात विकल्याचा पश्चात्ताप होतो आणि कोणाला फसवल्याचाही होतो. धर्मग्रंथांना यांतला दुसराच अभिप्रेत आहे. पहिल्याला आपण नुकसानीचे दुःख म्हणू.

या शब्दांबरोबर येणारी क्रियापदे पाहिली की फरक आणखी स्पष्ट होतो. आपण ‘मला पश्चात्ताप झाला’ असे म्हणतो. मला भूक लागली, मला राग आला, या वाक्यांची घडणही अशीच आहे. ताप येतो, तो आपण आणत नाही. प्रायश्चित्ताचे उलट आहे. प्रायश्चित्त सांगतात, देतात, घेतात आणि करतात. ते ठरवणारा बहुधा दुसराच कोणी असतो. पश्चात्ताप कोणी कोणाला देऊ शकत नाही, आणि प्रायश्चित्त आपोआप होत नाही. म्हणूनच मनात काहीही न हलता यथासांग प्रायश्चित्त घेणारा माणूस आणि आतून पोळत असूनही काहीच न करणारा माणूस, असे दोन्ही प्रकार संभवतात. धर्मांमधली या विषयावरची बरीचशी चर्चा या दोघांना एकत्र कसे आणायचे याबद्दलच आहे.

राहिली ‘उपरती’. तिचा मूळ अर्थ थांबणे, विराम पावणे. वेदान्तात शम, दम यांच्याबरोबर साधकाच्या गुणांत तिची गणना होते. आज मात्र वृत्तपत्रांतली ‘उपरती’ नेहमी उशिरा होते आणि तिच्याकडे थोडे उपहासानेच पाहिले जाते. मला हे काहीसे अन्यायाचे वाटते, कारण या कुळातल्या शब्दांपैकी भावनेऐवजी कृती थांबण्याकडे बोट दाखवणारा हा एकच शब्द आपल्या रोजच्या वापरात उरला आहे.

प्रश्न : मराठी बायबलमध्ये ‘पश्चात्ताप करा, कारण स्वर्गाचे राज्य जवळ आले आहे’ असे वाक्य आहे. मूळ ग्रीक शब्दाचा दुःखाशी संबंध नाही, असे एका व्याख्यानात ऐकले. हे खरे आहे का?

उत्तर : बऱ्याच अंशी खरे आहे, पण ‘संबंध नाही’ हे टोकाचे विधान झाले. नव्या करारातला ग्रीक शब्द ‘मेटानोइया’ हा आहे. त्याचा शब्दशः अर्थ मन किंवा बुद्धी पालटणे असा होतो. त्यामागे हिब्रू संदेष्ट्यांचे ‘शूव’ हे क्रियापद उभे आहे, आणि त्याचा अर्थ अगदी साधा आहे : मागे फिरणे, परतणे. भलत्या वाटेला लागलेल्या माणसाने ज्याच्यापासून दूर गेलो त्याच्याकडे परत यावे, ही त्यातली कल्पना. यहुदी परंपरेतला ‘तेशुवा’ हा शब्द याच क्रियापदापासून आला आहे. अरबीतल्या ‘तौबा’चा मूळ अर्थही परतणे हाच आहे. कुराणात हेच क्रियापद माणसासाठी आणि अल्लाहसाठीही वापरले आहे. माणूस अल्लाहकडे वळतो आणि अल्लाह माणसाकडे वळतो. ‘अत्‌-तव्वाब’ हे अल्लाहच्या नावांपैकी एक आहे. आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचा शब्द जैनांचा ‘प्रतिक्रमण’ आहे. मर्यादेबाहेर गेलेले पाऊल मागे घेणे, असा त्याचा अर्थ आहे.

‘पश्चात्ताप करा’ हे आज्ञार्थी वाक्य मराठी कानाला किंचित अवघड वाटते त्याचे कारण वरच्या उत्तरात आले आहे. जी गोष्ट आपल्याला ‘होते’, ती करण्याची आज्ञा कशी द्यायची? ‘मागे फिरा’ अशी आज्ञा मात्र सहज देता येते.

पाश्चात्त्य ख्रिस्ती जगातही या एका शब्दावरून मोठी खळबळ उडाली होती. लॅटिन बायबलमध्ये इथे ‘पेनितेन्तिआम आगिते’ असे शब्द होते. त्यांचा अर्थ ‘पश्चात्ताप करा’ असाही होतो आणि ‘प्रायश्चित्त करा’ असाही. दुसऱ्या अर्थामुळे त्या वचनाचा संबंध धर्मगुरूपुढे पाप सांगून त्याने नेमून दिलेली तपश्चर्या पुरी करण्याशी सहज जुळे. 1215 मध्ये रोमन चर्चच्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून निदान एकदा असे पापनिवेदन करणे प्रत्येकाला बंधनकारक केले होते. 1516 मध्ये इरॅस्मस या विद्वानाने ग्रीक नवा करार छापला आणि विद्वानांना मूळ शब्द समोर ठेवून वाचता येऊ लागले. पुढच्याच वर्षी धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने मांडलेल्या 95 सूत्रांपैकी पहिले सूत्र याच वचनावर आहे. श्रद्धावंताचे सगळे आयुष्यच पश्चात्तापाचे असावे अशी येशूची इच्छा होती, असे ते सांगते; आणि दुसरे सूत्र लगेच बजावते की या वचनाचा अर्थ धर्मगुरूंच्या हातून चालणाऱ्या पापनिवेदनाच्या विधीपुरता घेता येणार नाही.

दुःखाचा संबंध कुठे येतो, तेही पाहू. येशूला धरून देणारा यहूदा नंतर पोळतो, चांदीची तीस नाणी परत करतो आणि गळफास घेतो. ही कथा सांगणाऱ्या शुभवर्तमानकार मत्तयाने तिथे ‘मेटानोइया’च्या कुळातला शब्द वापरलेला नाही, नंतर वाईट वाटणे या अर्थाचा दुसराच ग्रीक शब्द योजला आहे. येशूला नाकारणारा पेत्रही त्याच रात्री ढसाढसा रडला होता. दुःख दोघांनाही झाले, पण परतला तो पेत्रच. मूळ शब्दाचा दुःखाशी संबंध नाही असे म्हणण्यापेक्षा, दुःख म्हणजे अजून परतणे नव्हे, असे म्हटले तर ते अधिक नेमके होईल.

प्रश्न : प्रायश्चित्ताची सोय असल्यामुळे माणूस निर्धास्तपणे पाप करतो, असे मला वाटते. आपल्या शास्त्रकारांना ही अडचण दिसली नव्हती का?

उत्तर : दिसली होती, आणि त्यांनी ती आपल्यापेक्षा कठोर शब्दांत मांडली आहे. भागवताच्या सहाव्या स्कंधात हाच प्रश्न परीक्षित राजा शुकाला विचारतो. माणूस एकदा पापापासून दूर होतो आणि पुन्हा तेच करतो, तेव्हा प्रायश्चित्त मला हत्तीच्या अंघोळीसारखे व्यर्थ वाटते, असे तो म्हणतो. हत्ती पाण्यातून बाहेर येतो आणि लगेच अंगावर धूळ उडवून घेतो. शुकाचे उत्तर याहूनही धीट आहे. कर्माने कर्माचा समूळ नाश होत नाही, खरे प्रायश्चित्त म्हणजे ‘विमर्शन’, विचार, असे तो सांगतो. पुढे भक्तीची महती येते आणि अजामिळाची कथा येते. पण प्रायश्चित्ताचा एवढा मोठा व्याप असलेल्या परंपरेतल्या एका प्रमुख ग्रंथाने हा आक्षेप एका राजाच्या तोंडी घालावा आणि तो खोडून न काढता मान्य करावा, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

तो व्याप किती होता, याची कल्पना यावी म्हणून दोनच उदाहरणे देतो. प्राजापत्य कृच्छ्र हे व्रत बारा दिवसांचे असते : तीन दिवस फक्त सकाळी जेवण, तीन दिवस फक्त संध्याकाळी, तीन दिवस न मागता मिळेल तेवढेच आणि शेवटचे तीन दिवस उपवास. चांद्रायणात चंद्राच्या कलांप्रमाणे महिनाभर घास वाढवायचे आणि कमी करायचे असतात. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात, 1953 मध्ये, ही सगळी व्यवस्था तपशिलाने मांडली आहे.

या व्यवस्थेतसुद्धा मनाला जागा होती. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापमुक्तीच्या साधनांची यादी येते. तिच्यात पाप उघड सांगणे आणि अनुताप ही दोन साधने तप आणि अध्ययन यांच्या आधी आली आहेत. तिथेच पुढे आणखी एक महत्त्वाची अट आहे. पाप करून संताप पावलेला माणूस त्या पापातून सुटतो, मात्र ‘नैवं कुर्यां पुनः’, पुन्हा असे करणार नाही, असे म्हणून निवृत्त झाल्यानेच तो शुद्ध होतो. याज्ञवल्क्यस्मृती तर स्पष्टच सांगते की प्रायश्चित्ताने जाते ते अजाणता केलेले पाप. जाणूनबुजून पाप करणारा प्रायश्चित्ताने केवळ लोकांशी व्यवहार करण्यास योग्य होतो. समाजाने परत घेणे आणि पाप नाहीसे होणे या दोन गोष्टी इथे चक्क वेगळ्या काढल्या आहेत. आपण ज्या निर्धास्तपणाची तक्रार करता, त्याला या वचनात आधार सापडत नाही. इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहातही याच्याशी जुळणारे वाक्य आहे : ‘पाप करीन आणि परत फिरेन, पाप करीन आणि परत फिरेन’ असे म्हणणाऱ्याला परत फिरण्याची संधीच मिळत नाही.

मराठी संतांनी या बाबतीत केलेला बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो. प्रायश्चित्तात तीर्थस्नानाचे महत्त्व मोठे; संतांनी स्नान ठेवले आणि तीर्थ बदलले. गीतेच्या नवव्या अध्यायात अत्यंत दुराचारी माणूसही अनन्यभावाने भजू लागला तर त्याला साधूच मानावे, असा श्लोक आहे. त्यावर लिहिताना ज्ञानेश्वरांनी अशा माणसाला ‘अनुतापतीर्थीं न्हाला’ असे म्हटले आहे. तुकोबांनी तीच प्रतिमा आणखी घट्ट केली : ‘हेंचि प्रायश्चित । अनुतापीं न्हाय चित्त ॥’. ज्या तीर्थाला जाण्यासाठी पैसा, पुरोहित आणि अधिकार लागत होता, त्याच्या जागी कोणालाही केव्हाही उतरता येईल असे तीर्थ आले. यात सवलत मिळाली असे कोणी समजू नये. बारा दिवसांचे कृच्छ्र तेराव्या दिवशी संपते. अनुताप किती दिवस टिकला पाहिजे, हे मोजून देणारा तिथे कोणी नाही.

प्रश्न : एखाद्या माणसाचे नुकसान करून देवापाशी क्षमा मागितली, तर ती पुरेशी होते का? ज्याचे नुकसान झाले त्याला या सगळ्यात काय मिळते?

उत्तर : आपण विचारलेला दुसरा प्रश्न हीच माझ्या मते कोणत्याही पश्चात्तापविचाराची कसोटी आहे. जे धर्म या प्रश्नाकडे थेट पाहतात, त्यांचे उत्तर जवळजवळ एकच आहे : पुरेशी होत नाही.

मिश्नेत म्हटले आहे की देव आणि माणूस यांच्यातल्या पापांचे योम किप्पूरच्या, म्हणजे यहुद्यांच्या वार्षिक प्रायश्चित्तदिनाच्या, दिवशी क्षालन होते. माणसामाणसातल्या पापांचे मात्र, त्या माणसाची समजूत काढेपर्यंत होत नाही. बाराव्या शतकातल्या मायमोनिदीस या यहुदी धर्मपंडिताने याचे नियमच घालून दिले. ज्याचा अपराध केला तो क्षमा करत नसेल, तर तीन-तीन मित्रांना बरोबर घेऊन तीनदा त्याच्याकडे जावे. एवढे करूनही तो क्षमा करणार नसेल, तर दोष त्याच्याकडे जातो. पूर्ण तेशुवा कोणती, हेही त्याने सांगितले आहे : तोच प्रसंग पुन्हा यावा, ते पाप करण्याची शक्ती अजून असावी, आणि तरीही माणसाने ते करू नये. म्हातारपणामुळे किंवा भीतीमुळे न केलेल्या पापाची तो यात गणना करत नाही. इस्लामी धर्मशास्त्रात तौबेच्या तीन अटी सांगतात : ते कृत्य सोडणे, त्याचे दुःख होणे आणि पुन्हा न करण्याचा निश्चय. अपराध माणसाचा असेल तर चौथी अट जोडली जाते, ती म्हणजे त्याचा हक्क त्याला परत देणे. मनूनेही किरकोळ चोरीसाठी सांतपन कृच्छ्र हे प्रायश्चित्त सांगताना वस्तू परत करून मग ते करावे असे म्हटले आहे. जैनांच्या संवत्सरीला, म्हणजे वर्षातून एकदा येणाऱ्या क्षमायाचनेच्या दिवशी, ‘मिच्छामि दुक्कडं’, माझे दुष्कृत निष्फळ होवो, हे शब्द माणसे एकमेकांना उद्देशून म्हणतात. सरसकट पाठवलेल्या संदेशांत त्या शब्दांचे काय होते, हा वेगळा प्रश्न आहे. पण ज्याच्याशी वर्षभर बोलणे बंद आहे त्यालाच ते शब्द म्हणणे किती अवघड असते, हे म्हणणाऱ्याला ठाऊक असते.

ज्याचे नुकसान झाले त्याला काय मिळते, याचे सर्वांत गुंतागुंतीचे उदाहरण अशोकाचे आहे. राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर, इ.स.पू. 261 च्या सुमारास, त्याने कलिंग जिंकले. दीड लाख माणसे पकडून नेली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याहून कितीतरी अधिक मेली, हे आकडे त्यानेच तेराव्या शिलालेखात दिले आहेत आणि आपल्याला अनुशोचन झाल्याचे म्हटले आहे. जिंकणाऱ्या राजाने आपल्या विजयाची अशी नोंद दगडावर कोरून ठेवावी, हे जगाच्या इतिहासात विरळाच. पण त्याच लेखात पुढे अरण्यवासी लोकांना उद्देशून एक वाक्य आहे. अनुताप झालेला असतानाही देवांच्या प्रियाकडे (हे अशोकाचेच बिरुद) सामर्थ्य आहे, हे त्यांना सांगितले जाते; त्यांनी लाजावे, म्हणजे ते मारले जाणार नाहीत. ‘अनुताप’ हा शब्द त्या ओळीत आहे आणि धमकीही त्याच ओळीत आहे.

दुसरी गोष्ट जागेची. हा लेख गिरनार, कालसी, शाहबाझगढी, मानसेहरा अशा दूरदूरच्या ठिकाणी आहे. कंदाहारला त्याचा काही भाग ग्रीक भाषेत सापडला आहे. खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड येथे, तो नाही. अकरावा ते तेरावा हे लेख तिथे गाळले असून त्यांच्या जागी दोन स्वतंत्र लेख कोरले आहेत. सर्व माणसे माझी मुले आहेत असे त्यांत म्हटले आहे, आणि कोणाला विनाकारण बंदीत टाकू नये किंवा छळू नये अशी अधिकाऱ्यांना ताकीद दिली आहे. म्हणजे ज्यांची माणसे मारली गेली त्यांच्यापुढे कबुली ठेवली गेली नाही. त्यांच्या वाट्याला आले ते बऱ्या कारभाराचे आश्वासन. मी याला ढोंग म्हणणार नाही. छळ थांबवण्याची आज्ञा ही पश्चात्तापातली खरी कृती आहे, आणि कदाचित कबुलीपेक्षा तिचाच त्यांना अधिक उपयोग झाला असेल. तरी त्यांच्याशी काय केले गेले हे राजाच्या तोंडून ऐकण्याचा त्यांचा हक्क होता, आणि तो तेवढा पुरा झाला नाही.

प्रश्न : तरुणपणी मी एका मैत्रिणीबद्दल खोटी गोष्ट पसरवली. तिला त्याचा फार त्रास झाला. ती आता हयात नाही. मला अजून रात्री झोप लागत नाही. आता काय करायचे?

उत्तर : आपल्याला होणारे दुःख खरे आहे, पण ते जितके अधिक तितका पश्चात्ताप खरा, असे मानू नये. बौद्ध विचारात ‘कुक्कुच्च’, म्हणजे केल्याबद्दल आणि न केल्याबद्दल मनाला लागून राहणारी टोचणी, ध्यानाच्या पाच अडथळ्यांमध्ये धरली आहे आणि अभिधम्म हा बौद्ध तत्त्वविचाराचा ग्रंथसमूह तिला अकुशल, म्हणजे अहितकारक, मानतो. भिक्षूंची दोषकबुली अगदी थोडक्या शब्दांत होते. भिक्षू आपला दोष सांगतो. समोरचा विचारतो, ‘दिसतो का?’ तो म्हणतो, ‘होय, दिसतो.’ समोरचा म्हणतो, ‘पुढे जपून राहा.’ रडण्याची अपेक्षा तिथे नाही. दोष स्वच्छ दिसावा एवढीच आहे.

करण्यासारखी गोष्ट अजून शिल्लक आहे. निंदेच्या पापाबद्दल अनेक इस्लामी धर्मशास्त्रज्ञ सांगतात की ज्यांच्यासमोर एखाद्याची निंदा केली त्यांच्यासमोरच त्याचे चांगले बोलावे. आपण जे पसरवले ते ऐकलेली माणसे हयात असतील. तिच्या घरचीही असतील. ते खोटे होते आणि ते मी पसरवले होते, एवढे त्यांना सांगता येईल. तिच्या घरच्यांची जखम त्यामुळे नव्याने उघडेल असे वाटत असेल, तर आधी बाकीच्यांपासून सुरुवात करा. मायमोनिदीसच्या नियमांत, ज्याचा अपराध केला तो मेला असेल तर दहा माणसांना घेऊन त्याच्या थडग्याशी जावे आणि त्यांच्यादेखत अपराध बोलून दाखवावा, असे आहे. एकट्याने जाऊन चालत नाही, कारण तिचे नाव लोकांत खराब झाले असेल तर ते लोकांतच साफ व्हायला हवे. झोपेची तक्रार मात्र या सगळ्यापासून वेगळी ठेवा आणि त्यासाठी डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा. ती अपराधाची किंमत म्हणून सोसत राहण्याचे कारण नाही.

प्रश्न : ‘पतेती’ या शब्दाचा पश्चात्तापाशी काही संबंध आहे का? आणि ‘तोबा तोबा’ हे ‘तौबा’च का?

उत्तर : दोन्हींचे उत्तर होय. ‘पतेत’ ही पारशी लोकांची पापकबुलीची प्रार्थना आहे, आणि तिच्यावरून वर्षाच्या शेवटच्या दिवसाला ‘पतेती’ हे नाव पडले. नव्या वर्षाचा दिवस त्याच्या दुसऱ्या दिवशी येतो आणि तो नवरोज होय. बाहेरच्या लोकांनी दोन्ही दिवस एकच समजून पतेतीच्या शुभेच्छा देण्यास सुरुवात केली. ‘तोबा’ हा अरबी ‘तौबा’च आहे. मराठीत ‘तोबा करणे’ म्हणजे एखादी गोष्ट पुन्हा न करण्याची शपथ घेणे, हा अर्थ मुळाला बराच धरून आहे. ‘तोबा गर्दी’ किंवा ‘तोबा तोबा’ या प्रयोगांत मात्र अतिरेक पाहून वाटणारे आश्चर्य किंवा त्रासच तेवढा उरला आहे.